ग्वेनच्या घरातले रंग

एकाने लिहिलंय की 2023 च्या 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' या अ‍ॅनिमेशन सिनेमामध्ये रंगांचा एवढा मारा आहे की गोष्टच हरवते. मला हे अजिबात पटत नाही. ग्वेन, म्हणजे त्यातली स्पायडर-वुमन, आणि तिच्या वडिलांचे प्रसंग परत बघा. मागच्या भिंती जलरंगातल्या, आणि त्या एका जागी ठरतच नाहीत. बापलेकीत ताण असला की रंग थंडावतात, ओघळायला लागतात. शेवटी पोलिसातला तो बाप नोकरी सोडल्याचं सांगून तिला जवळ घेतो, तेव्हा सगळी खोली उजळत जाते. बोलणं थोडंच, बाकी सगळं रंगच सांगतात.

आम्ही सिल्लोडकडचे, अजिंठा हाकेच्या अंतरावर. 16 नंबरच्या लेण्यातल्या त्या मूर्च्छित राजकन्येची कललेली मान बघितली की कथा ठाऊक नसली तरी पोटात कालवतं. इथंही तेच होतं.

मुंबटनचा, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेल्या काल्पनिक शहराचा भाग फारच पळवलाय, हे मात्र मान्य. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर, त्याला अजून वेळ द्यायला हवा होता. आणि हो, सिनेमा मराठीतही डब होऊन आला होता. लेकरांना दाखवायचा तर त्यातच दाखवा, नजर चित्रावर राहते.