छोट्या वर्कशॉपसाठी प्लाझ्मा कटिंग टेबल कोणते घ्यावे?

प्रश्न (साकीनाका): आमच्या गाळ्यात गेट, ग्रिल आणि ब्रॅकेटची कामे होतात, पत्रा बहुतेक ३ ते १० मिमी माइल्ड स्टीलचा असतो. आठ बाय चार फुटांचा अख्खा पत्रा बसेल असे प्लाझ्मा टेबल (विजेने तापलेल्या हवेच्या झोताने पत्रा कापणारे यंत्र) घ्यावे, की चार बाय चारचे पुरेल?

उत्तर १ (वसई): जागा निघत असेल तर आठ बाय चारच घ्यावे, नाहीतर प्रत्येक पत्रा आधी हाताने कापावा लागेल. टॉर्चची (झोत सोडणाऱ्या तोंडाची) उंची आपोआप राखणारी यंत्रणा मात्र वगळू नका, कारण तापलेला पत्रा उचलला जातो आणि टॉर्च त्याला धडकते.

उत्तर २ (कुर्ला): टेबलाइतकाच विचार टॉर्चला लागणाऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेचा करावा. पावसाळ्यात त्या हवेबरोबर पाणी येते. आमचे इलेक्ट्रोड (टॉर्चमधला वीज सोडणारा, झिजणारा भाग) जुलैत भराभर संपत, आणि काढून पाहिले की टोकाला मधोमध खोल खड्डा पडलेला असे. हवेतला ओलावा काढणारा ड्रायर बसवल्यावर हा त्रास थांबला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शेजारचे गाळेवाले धुराची तक्रार करतील, म्हणून पाण्याचे टेबल (पत्र्याखाली पाणी भरलेले) चालेल का?

उत्तर १: स्टीलसाठी उत्तम, धूर आणि ठिणग्या बऱ्याच दबतात. मात्र त्यावर अ‍ॅल्युमिनियम कापू नका, कारण पाण्यात साचलेल्या त्याच्या चुऱ्यातून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेऊ शकतो.