६० मुलं, दोन खेळ: दोन्ही खेळणारे ३ की ११?

पाटीपेन्सिल: वर्गात ६० मुलं. ३५ क्रिकेट खेळतात, २८ कबड्डी, ८ जण यांपैकी काहीच खेळत नाहीत. दोन्ही खेळणारे किती? ३५ + २८ = ६३, त्यातून ६० गेले, उरले ३. उत्तरसूचीत मात्र ११ आहे. छपाईची चूक का?

शून्यलब्धी: छपाई बरोबर आहे. वेन आकृती काढा: चौकट म्हणजे सगळा वर्ग, आत एकेका खेळाचं एकेक वर्तुळ. ते ८ जण चौकटीत आहेत, पण दोन्ही वर्तुळांच्या बाहेर. त्यांना आधी बाजूला काढा: ६० − ८ = ५२. मग ६३ − ५२ = ११. हे ११ जण दोनदा मोजले गेले, म्हणून बेरीज फुगली.

ताळा करा. फक्त क्रिकेट २४, फक्त कबड्डी १७, दोन्ही ११, बाहेर ८, बेरीज ६०. तुमचे ३ घेतले तर ३२ + २५ + ३ + ८ = ६८. आठ मुलं जास्तीची आली कुठून?

तिरकीरेघ: निम्मी गणितं भाषेत चुकतात. '३५ क्रिकेट खेळतात' यात कबड्डीही खेळणारे धरलेले असतात. 'क्रिकेटच खेळतात' किंवा 'फक्त क्रिकेट' म्हटलं की ते वगळायचे. त्या एका 'च'खाली पेन्सिलीने रेघ मारा.

नापासाच्या गणितातही हीच मेख. गणितात ३५ टक्के नापास, इंग्रजीत २५, दोन्हीत १०. एका तरी विषयात नापास ३५ + २५ − १० = ५०, म्हणून दोन्हीत पास ५० टक्के. पास झालेल्या ६५ आणि ७५ टक्क्यांची बेरीज करत बसलात की गोंधळ वाढतो.

पाटीपेन्सिल: कळलं. तीन वर्तुळं असली तर?

शून्यलब्धी: आतून बाहेर भरत या. १०० जण: चहा ५०, कॉफी ४०, ताक ३०, चहा-कॉफी १५, कॉफी-ताक १२, चहा-ताक १०, तिन्ही ५. मधोमध ५ लिहा. मग पाकळ्यांत, म्हणजे जिथे दोनच वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे, चहा-कॉफीला १५ नाही, १० (१५ − ५). तसेच ७ आणि ५. फक्त चहा ५० − १० − ५ − ५ = ३०, फक्त कॉफी १८, फक्त ताक १३. सगळे मिळून ८८, काहीच न पिणारे १२.

सूत्राने (५० + ४० + ३०) − (१५ + १२ + १०) + ५ = १२० − ३७ + ५, तेच ८८. शेवटचे ५ परत मिळवायचे, कारण ते तीनदा धरले आणि तीनदा वजाही झाले.

तिरकीरेघ: '१५ जण फक्त चहा आणि कॉफी' असं दिलं असेल तर मात्र पाकळीत १५ च, तिथे ५ वजा करू नका.