अभ्यास संपला आणि कळलं : असेक्शुअल असण्याचे अनुभव

धागाकर्ती, कोल्हापूर :
पीएचडी, नेट-सेट, संशोधन यांत विशी-तिशी गेली आणि त्यानंतर आपण असेक्शुअल आहोत, म्हणजे आपल्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही, हे उमगलं, असे आपल्यात बरेच जण दिसतायत. त्यांनी इथं लिहावं. ‘योग्य माणूस भेटला की होईल ठीक’ हे सांगायला मात्र कुणी येऊ नये. ते आम्ही घरी रोज ऐकतो.

माझ्यापासून सुरुवात. शिवाजी विद्यापीठात फिजिक्सला थिन फिल्म्सवर, म्हणजे काचेवर चढवलेल्या अतिपातळ थरांवर, काम केलं. काचेच्या पट्ट्या क्रोमिक ॲसिडमधून काढायच्या, डिस्टिल्ड वॉटरनं धुवायच्या, अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये ठेवायच्या. पट्टीवर बोटाचा पुसटसा ठसा राहिला तरी फिल्म नेमकी तिथंच सुटते. दिवस यातच जायचा. रात्री हॉस्टेलवर मैत्रिणी कुणाच्या दंडांबद्दल, कुणाच्या आवाजाबद्दल बोलायच्या. मला वाटायचं, रंगवून सांगतायत. असं काही खरोखर अंगात जाणवतं, हे पटायला तिशी उलटावी लागली.

घरी आईचं उत्तर ठरलेलं : ‘तिची पीएचडी होऊ दे.’ पीएचडी झाली, पोह्यांचे कार्यक्रम सुरू झाले आणि आईकडचं उत्तर संपलं. त्यातला एक मुलगा मला मनापासून आवडला. रंकाळ्यावर भेळ खाताना आमच्या गप्पा संपायच्या नाहीत. त्याच्याबरोबर आयुष्यभर गप्पा मारायला मी एका पायावर तयार होते. त्याच्या डोक्यात गप्पांच्या पुढचंही काही असणार, हे कळत होतं. माझ्या डोक्यात ते येतच नव्हतं. त्याला तसं सांगितलं. तो नीट वागला, पण थांबला नाही.

मग पेपर शोधत बसले, दुसरं येतं काय आपल्याला! कॅनडातल्या अँथनी बोगार्ट यांचा 2004 चा पेपर सापडला. ब्रिटनमधल्या 18 हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत सुमारे 1 टक्का लोकांनी ‘कुणाबद्दलच कधी लैंगिक आकर्षण वाटलं नाही’ असं उत्तर दिलं होतं. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास. तिकडचा आकडा इथं जसाच्या तसा चालत नाही हे कळत असूनही गुणाकार केलाच. लहान पोरं वजा केली तरी काही हजार माणसं! कुठं आहेत ही सगळी?

पेठेतला :
एक इथं हाय. मंगळवार पेठ, एमएस्सी केमिस्ट्री, पुढं नेट. लहानपणापासून तालमीत. वस्ताद ब्रह्मचर्याचं लई कौतुक करायचे आणि त्या विषयात मला फुकटचे मार्क मिळायचे. पोरं म्हणायची, ‘भावा, तुझा काय ताबा हाय!’ अरे ताबा कसला, आवरायला काय असायला तर पाहिजे. घरच्यांनी शेवटी डॉक्टरकडं नेलं. थायरॉईड, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘लग्न करून टाका, आपोआप होईल.’ हे कुठल्या पुस्तकात लिवलंय, ते इचारायचं राहून गेलं.

मनाचा डॉक्टर :
पुस्तकात उलटंच आहे. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन पुस्तकात, स्पष्ट म्हटलंय की व्यक्ती स्वतःला असेक्शुअल मानत असेल तर कमी इच्छेच्या विकाराचं निदान करू नये. मात्र आधी इच्छा होती आणि मध्येच गेली, असं असेल तर तपासून घ्या. नैराश्य, थायरॉईड, काही औषधं अशी कारणं असू शकतात.

वाचनमात्र :
राग मानू नका, पण इतकी वर्षं पुस्तकांत डोकं घातल्यामुळंच हे झालं असेल, असं नाही का वाटत?

धागाकर्ती :
माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा माझ्याइतकाच राबायचा. त्याच काळात त्याचं प्रेम जमलं, लग्न झालं, बारशाचे पेढेही लॅबमध्येच वाटले. अभ्यासानं मला बदललं नाही. माझ्याकडं कुणी बघू नये, एवढी सोय मात्र केली.

इचलकरंजीकर :
माझं थोडं वेगळं. ‘सोय’ वगैरे काही नव्हतं, मला सूक्ष्मजीवशास्त्र खरंच आवडायचं, अजून आवडतं. माझं लग्न झालंय. ठरण्याआधीच नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो विचार करून हो म्हणाला. कधी जड जातं, नाही असं नाही, पण लपवाछपवी नाही. स्थळं बघणाऱ्यांनी आधीच सांगा. सबळ कारण नसताना दीर्घकाळ संबंध नाकारणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं 2007 मध्ये समर घोष यांच्या घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. आणि समोरच्याच्या आयुष्याचाही प्रश्न असतो.

गारगोटीच्या बाई :
मी गणित शिकवून निवृत्त झाले. ‘बाईंनी शाळेशीच लग्न लावलंय’ असं लोक म्हणायचे आणि मी त्यांना म्हणू द्यायचे. निवृत्तीनंतर निवांत वाचन सुरू झालं, तेव्हा अमेरिकन लैंगिकता-संशोधक किन्सी यांच्या 1948 च्या अहवालाबद्दल कळलं. पूर्ण भिन्नलिंगी ते पूर्ण समलिंगी अशी शून्य ते सहा आकड्यांची पट्टी, आणि तिच्यावर न बसणाऱ्यांसाठी एक वेगळा ‘एक्स’. आयुष्यभर एक्स शोधायला शिकवलं, आणि तो निघाला इथं! खूप हसले. मला कधी एकटं वाटलं नाही. मैत्रिणी आहेत, भाचरं आहेत. लग्नाच्या पंगतीत ‘तुमचे मिस्टर?’ हा प्रश्न आला की अजून वैताग येतो, इतकंच.

पेठेतला :
बाई, घरी कसं सांगितलंत? आईपुढं माझं तोंडच उघडंना.

गारगोटीच्या बाई :
आईला नाहीच सांगितलं रे. धाकट्या भावाला सांगितलं, तेही अलीकडं, समोर बसवून. तो म्हणाला, ‘अक्का, एवढंच होय? मला वाटलं शेताच्या वाटणीचं काढतीयस.’