चिनी चर्चमधले किशोरगट: भाषेपेक्षा जास्त काहीतरी

एका ताईंनी लिहिलंय की अमेरिकेतल्या चिनी चर्चमधले किशोरांचे बायबल गट मुळात भाषा टिकवायला असतात. हे मला पटत नाही. बहुतेक ठिकाणी हा गट इंग्रजीतच चालतो, चिनी शिकवण्याचे वर्ग वेगळे. शुक्रवारी संध्याकाळी आईवडील एका खोलीत मँडरिन किंवा कँटोनीजमध्ये चिनी बायबलची १९१९ची युनियन आवृत्ती वाचतात आणि मुलं पलीकडच्या खोलीत इंग्रजी बायबल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं प्रेस्बिटेरियन चर्च १८५३चं आहे, पण बरीचशी चिनी चर्चं आशियातून येणं सोपं करणाऱ्या १९६५च्या अमेरिकी स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या कुटुंबांनी उभी केली. त्यामुळे घरी आईबाप एका देशात वाढलेले आणि मुलं दुसऱ्या देशात, हा ताण तिथे कायमचाच.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय घ्या. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, हे पहिलं वचन पोरांनी घरी हजारदा ऐकलेलं असतं. चौथं वचन मात्र बापांना बजावतं, मुलांना चिडवू नका. इथे चर्चा रंगते. शाळेतले मार्क, नातेवाइकांच्या मुलांशी तुलना, पियानोचा क्लास, सगळं बाहेर येतं. गट घेणारा दादा किंवा ताई बहुधा अशाच घरात वाढलेले, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. मला हेच फार मोलाचं वाटतं.

आपल्या परदेशातल्या मंडळांत गणपती आहे, मराठी शाळा आहे. पण पंधरा वर्षांच्या पोराने घरातलं मोकळेपणी बोलावं, अशी बैठक कुठे चालत असेल तर कृपया इथे सविस्तर लिहा.