रस्त्याच्या कामाआधी नुसत्या चुली आणि खड्डे निघालेत, त्यात एवढं खणण्यासारखं काय असतं?

रोलरवाला:
रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. आमच्या पट्ट्यात आधी उत्खननवाले आलेत, जेसीबीला बिनदातांचं बकेट लावून वरची माती अलगद काढली तर खाली काय, काळे-लाल गोल डाग! म्हणे मध्ययुगातल्या चुली नि खड्डे. ना भिंत ना नाणं. तरी एकेका डागावर दोघं खुरपी घेऊन बसलेत, आणि खड्डा अर्धाच काढतात, अर्धा तसाच. टाइमपास चाललाय का? आणि नाणं नसताना काळ कसा सांगतात हे?

उभाछेद:
अर्धा मुद्दाम ठेवतात हो. मधोमध कापला की उभ्या बाजूला थर दिसतात. तळाला जळके दाणे आणि वर राख, खापरं, हाडं असतील तर आधी साठवणीचा खड्डा, नंतर त्याचाच उकिरडा केला असं धरता येतं. बारीक गाळाचे पापुद्रे असतील तर बरेच दिवस उघडा पडला होता, सगळी माती एकजात कालवलेली असेल तर एका दमात बुजवलाय. फोटो नि ड्रॉइंग झालं की उरलेला अर्धा काढतात. एकदम उपसला तर हातात नुसतं भोक राहतं.

चाळणीवाली:
काळाचं मी सांगते. कोळशातला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा आपोआप घटत जाणारा किरणोत्सारी प्रकार, साधारण ५७३० वर्षांत निम्मा होतो, त्यावरून वय काढतात. पण गोम अशी की जाड ओंडका जाळला असेल तर त्याच्या गाभ्याचं लाकूड चूल पेटवली तेव्हाच शंभर-दोनशे वर्षांचं असू शकतं, मग चूल उगाच म्हातारी ठरते, आणि मध्ययुगाच्या हिशेबात दोनशे वर्षं म्हणजे भलतंच शतक. म्हणून आम्ही जळका दाणा शोधतो, तो एकाच हंगामातला असतो. आणि काही मिलिग्रॅम पुरतात.

उभाछेद:
चुलीखालची लाल भाजलेली मातीही कामाची असते. जोरात तापून थंड होताना तिच्यातले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात, आणि ती दिशा काळानुसार सरकत असते. त्यासाठी तुकडा जागेवरच दिशा आखून उचलावा लागतो. तेव्हा तुमचं बकेट चुलीला लागू देऊ नका, माती हलली की ती दिशा गेली.

रोलरवाला:
आज मुद्दाम जाऊन उभा राहिलो. पिंपातल्या पाण्यात खड्ड्याची माती सोडली, हाताने ढवळली, तर काळे कण वर तरंगायला लागले. त्यातला एक दाणा त्यांनी मला तळहातावर दिला, कोळसा झालेला पण मधली चीर अगदी स्पष्ट. जेसीबीवाल्याला बोलावून दाखवला. आता ते सगळं कापडावर पसरून उन्हात ठेवू म्हणतोय, लवकर वाळेल.

चाळणीवाली:
अहो, उन्हात नको!! सावलीत हळूहळू वाळू द्या, नाहीतर दाणे तडकतात. आणि हातावर घेतलेला तो दाणा काळ काढायला पाठवायच्या पुडीत टाकू नका.