हायपरकारच्या 30-30 तासांच्या टेस्टिंगवर मर्यादा यायला हवी का?

मुल्सानवाला
हायपरकार म्हणजे ले मान्ससारख्या लांब पल्ल्याच्या रेसमधल्या सगळ्यात वरच्या क्लासच्या गाड्या. सीझनच्या आधी त्या बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांचं तेच चालतं. आरागॉन नाहीतर पॉल रिकार्डचा ट्रॅक भाड्याने घ्यायचा, गाडी 24 तास, 30 तास नुसती पळवत ठेवायची, काही तुटलं की उघडायची, बदलायची, परत सोडायची. माझं म्हणणं, यावर लिमिट टाका. एकदा गाडी होमोलोगेट झाली, म्हणजे नियमांनुसार मंजूर झाली, की डिझाइन गोठलं, पुढे बदल करायचा तर मोजके जोकर, म्हणजे परवानगी असलेले थोडे अपडेट. वेग बीओपी (बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, सगळ्या गाड्या बरोबरीत आणायचा नियम) ठरवणार, म्हणजे याचं वजन वाढव, त्याची पॉवर कमी कर. मग ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो ओतायचा कुठे? टेस्टिंगमध्ये! परिणाम बघा, 2024 ला फ्रान्समधल्या ले मान्सच्या रेसमध्ये 24 तास पळून नऊ गाड्या लीडरच्याच लॅपवर, एक फेरीही मागे नाही. 1970 ला 51 सुटल्या होत्या आणि क्लासिफाय झाल्या, म्हणजे निकालात धरल्या गेल्या, फक्त 7. आता गाडी टिकेल का हा सस्पेन्सच राहिला नाही राव.

चाकण_सेकंड_शिफ्ट
1970 चं उदाहरण सगळे देतात, 1923 चं कोणी देत नाही. पहिलीच रेस, 33 सुटल्या, 30 पोचल्या. तेव्हा कोण आरागॉनला गेलं होतं? आणि 1970 ला पाऊस किती होता तेही सांगा की.
बरं, टेस्टिंग कमी पडलं की काय होतं ते बघायचंय? 2011 ची ॲस्टन मार्टिन एएमआर-वन. नवीन इंजिन, घाईघाईत बनवलेली गाडी. ले मान्सला एक गाडी 2 लॅप चालली, दुसरी 4. संपला विषय. 2015 ची निसान तर त्याहून भारी, पुढे इंजिन, पुढच्या चाकांना पॉवर, कागदावर एकदम क्रांतिकारी. सीझनच्या पहिल्या दोन रेस चुकवल्या, ले मान्सला तीन गाड्या आणल्या पण हायब्रिड सिस्टिम धड चालतच नव्हती. ती ब्रेकिंगचा भार उचलणार होती, तो सगळा साध्या ब्रेकवर आला आणि ब्रेकचं भजं झालं. एकही गाडी क्लासिफाय झाली नाही, डिसेंबरमध्ये प्रोग्रामच बंद. याला तुम्ही सस्पेन्स म्हणणार?

मुल्सानवाला
दोन्हीकडे गाडीची कल्पनाच गंडलेली होती, टेस्टिंगने काय वाचणार होतं? प्यूजो 9एक्स8 घ्या. 2022 चं ले मान्स सोडून दिलं, त्यानंतर मॉन्झाच्या रेसला उतरली, तोवर भरपूर टेस्टिंग झालेलं. तरी 2023 ला अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या खडबडीत ट्रॅकवर दम निघाला आणि शेवटी 2024 ला, मुळात मागची विंग नसलेल्या या गाडीला, मागे विंग लावावीच लागली. आणि 2016 च्या ले मान्सची टोयोटा विसरलात काय? टेस्टिंगमध्ये त्यांचा हात कोणी धरू शकत नाही, आणि जेमतेम तीन मिनिटं बाकी असताना टर्बो ते इंटरकूलरच्या लाइनमधला एक कनेक्टर गेला, ड्रायव्हर नाकाजिमा रेडिओवर ओरडतोय पॉवर नाही म्हणून, आणि पोर्श जिंकली. इतके तास पळवून काय मिळालं?

चाकण_सेकंड_शिफ्ट
त्यातूनच टोयोटाने टेस्टिंगची पद्धत बदलली ना. 2018 च्या ले मान्सच्या आधी ते मुद्दाम बिघाड घडवून बघत होते, तीन चाकांवर गाडी पिटपर्यंत आणायची प्रॅक्टिससुद्धा केली. त्या वर्षी जिंकले. (हो, समोर पोर्श नव्हती, माहितीये.)
टेस्टिंग म्हणजे नुसता पार्ट कधी तुटतो ते बघणं नाही. मी रोज ड्युरेबिलिटीचंच काम करतो, रेस कार नाही, साध्या गाड्या. डायनोवर, म्हणजे इंजिन टेस्ट करायच्या मशीनवर, इंजिन स्टँडला घट्ट बोल्ट केलेलं असतं, शेकडो तास मख्खासारखं चालतं. तेच गाडीत बसवलं की पाइपचा एखादा फालतू ब्रॅकेट क्रॅक होतो, कारण आता इंजिन एका लयीत हलतंय, बॉडी दुसऱ्या आणि पाइप बिचारा मधे ताणला जातोय. सेब्रिंग मुळात दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी विमानतळ, काँक्रीटच्या स्लॅबचे सांधे तसेच आहेत, म्हणून लोक तिथे गाडी घेऊन जातात. हे सिम्युलेटरमध्ये दिसत नाही हो, कितीही महागडा घ्या.

पिटवॉल_आणि_पोहे
दोघांचंही अर्धवट पटतंय. खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण ग्लिकनहाउससारखी छोटी टीम 2021 ला पहिल्याच ले मान्सला चौथी आणि पाचवी आली, दोन्ही गाड्या पूर्ण. म्हणजे पैशाशिवाय गाडी टिकतच नाही असंही नाही.
आणि फॅक्टरीच्या टेस्टिंगचा फायदा प्रायव्हेट टीमलाही होतो. जोटा या प्रायव्हेट टीमला पोर्शची 963 हायपरकार मिळाली तेव्हा 2023 चा सीझन सुरू झाला होता, बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर थेट रेसमध्ये, आणि पुढच्या वर्षी त्याच स्पाला ओव्हरऑल जिंकले! फॅक्टरीने आधी मार खाल्ला नसता तर जमलं असतं? 963 ची पहिली रेस होती 2023 ची अमेरिकेतली डेटोनाची 24 तासांची रेस, तिथे फॅक्टरीच्या दोन्ही गाड्यांना त्रास झाला होता.
मला विचाराल तर एलएमडीएचवाल्यांचं (963 सारख्या, ठरलेले कॉमन पार्ट वापरणाऱ्या हायपरकार) चांगलं आहे. बॉशची मोटर, विल्यम्सची बॅटरी, एक्सट्रॅकचा गिअरबॉक्स, सगळ्यांना सेम. एकाकडे बिघाड सापडला की सगळ्यांचं काम होतं.

मुल्सानवाला
मग तेच करा ना सगळ्यांसाठी, ऑफिशियल टेस्टचे दिवस वाढवा, प्रायव्हेट टेस्टिंगवर तासांचं लिमिट टाका. नाहीतरी काही गोष्टी रेसमध्येच कळतात, 2024 ला ले मान्समध्ये 50 नंबरच्या फेरारीचा दरवाजा शेवटच्या दोन तासांत उघडा फडफडत होता, आत बोलावून बंद करावा लागला. कोणत्या टेस्टमध्ये दिसला होता तो?

चाकण_सेकंड_शिफ्ट
फेरारीचा दरवाजा लागला नाही म्हणून टेस्टिंग बंद, कमाल लॉजिक आहे 😄
लिमिट टाकलं तर मार कोणाला बसणार ते बघा. टोयोटा, फेरारीकडे कित्येक वर्षांचा डेटा पडलाय. 2027 ला फोर्ड आणि मॅक्लारेन येतायत, त्यांच्याकडे शून्य. म्हणजे तुमच्या नियमाने जुन्यांचीच सोय.

पिटवॉल_आणि_पोहे
मोटोजीपीत आहे तसं कन्सेशन द्या, मागे असलेल्याला जास्त टेस्टिंग, पुढे असलेल्याला कमी. नवीन आलेल्याला पहिल्या वर्षी लिमिटच नको.

मुल्सानवाला
हे चालेल मला.

चाकण_सेकंड_शिफ्ट
आणि कोण पुढे, कोण मागे ते कशावरून ठरवणार? बीओपी लावलेल्या रिझल्टवरून? मग कन्सेशनसाठी मुद्दाम हळू पळणाऱ्यांची रांग लागेल.