डिस्ने वर्ल्ड (ओरलँडो): चार पार्क, एक गुडघेदुखी, एक बाबागाडी. कुठून कुठे कसं जायचं?

द्राक्षनगरी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जातोय. आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. आईला सलग पंधरा मिनिटांच्या वर चालवत नाही. हॉटेल डिस्नेचंच, पॉप सेंच्युरी. भाड्याची गाडीही आहे. चार दिवस, रोज एक पार्क, जमलं तर एका दिवशी दोन (तिकीट पार्क हॉपर आहे). नकाशा बघून डोकं चक्रावलंय. मोनोरेल, बोट, बस, स्कायलायनर (रोपवे), सगळंच सगळीकडे जातंय असं वाटतं. गाडी हाताशी असताना बसने का जावं? आणि व्हीलचेअर तिथेच घ्यावी की बाहेरून?

नकाशेबाज

सगळं सगळीकडे जात नाही, गोची तिथेच आहे. आकाराचा अंदाज हवा असेल तर बोरिवलीचं नॅशनल पार्क डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढी जागा. पार्क एकमेकांना चिकटून नाहीत. मधे हमरस्ते, तळी आणि जंगल. त्यामुळे सगळा नकाशा पाठ करू नका. पॉपहून त्या-त्या पार्काला कसं जायचं एवढंच लक्षात ठेवा.

मॅजिक किंगडम: बस. गाडी नको, कारण या पार्काचं पार्किंग पार्कापाशी नाहीच. ते तळ्याच्या अलीकडच्या काठावर, ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला (सगळे टीटीसी म्हणतात) आहे. तिथे गाडी लावा, बॅगा तपासून घ्या, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळं ओलांडा, तेव्हा कुठे दार दिसतं. लहान मूल आणि आई बरोबर असताना यात पाऊण तास सहज जातो. हॉटेलची बस मात्र थेट पार्काच्या दाराशी सोडते. उबरसुद्धा टीटीसीलाच सोडते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

हॉलिवूड स्टुडिओज आणि एपकॉट: स्कायलायनर. पॉपच्या तळ्याकाठच्या स्टेशनातून कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्टेशनला जायचं, तिथे उतरून डबा बदलायचा. एक फाटा स्टुडिओजला जातो, दुसरा रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉटला. रिव्हिएराला उतरायचं नाही, बसूनच राहायचं. बरेच जण तिथे उगीच उठतात.

ॲनिमल किंगडम: बस किंवा गाडी. मोनोरेल, बोट, स्कायलायनर यांपैकी काहीच तिथे पोचत नाही. गाडी वापरायचीच असेल तर याच दिवशी वापरा. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कांचं साधं पार्किंग फुकट आहे.

आजीबाईंचा_बटवा

गुडघ्यांपुरतं बोलते. व्हीलचेअर पार्काच्या दाराशी भाड्याने मिळते, पण ती पार्काबाहेर नेता येत नाही. म्हणजे बसथांब्यापासून दारापर्यंत आणि रात्री परत जाताना आईंना चालावंच लागणार. बाहेरच्या दुकानातून मागवलेली खुर्ची हॉटेलवर येते आणि बस, मोनोरेल, फेरी, स्कायलायनर सगळीकडे चालते. चार दिवसांसाठी बाहेरचीच घ्या. आईंना "मी काय एवढी म्हातारी झाले का" असं वाटलंच, तर बाबागाडीचं सामान त्यात ठेवायला म्हणून घेतलीय असं सांगा. दुपारपर्यंत त्या आपणहून बसतील.

स्कायलायनरचे डबे चढताना थांबत नाहीत, सावकाश सरकत राहतात. खुर्चीवाल्यांना मात्र बाजूच्या फाट्यावर डबा उभा करून देतात. रांगेच्या सुरुवातीलाच तिथल्या माणसाला सांगा. विजा चमकल्या किंवा वारा वाढला की स्कायलायनर बंद ठेवतात, तेव्हा बसची चौकशी करा. डब्यात एसी नाही, खिडक्यांतून वारा येतो तेवढाच. डिसेंबरात त्याचा त्रास नाही.

बाबागाडी: ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब, याच्या वरची आत सोडत नाहीत. ओढायच्या वॅगन तर अजिबात नाहीत. बसमध्ये गाडी घडी करूनच न्यावी लागते. एका हाताने मिटणारी नसेल तर झोपलेलं मूल, पिशव्या आणि गाडी अशी तारांबळ उडते. मोनोरेल आणि फेरीत उघडी चालते.

बाहेरचं खाणं नेता येतं. धपाटे, दशम्या, लाडू, काहीही. काचेची बाटली, दारू आणि सुटा बर्फ नाही. कुठल्याही झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात.

किसिमीचा_भाडेकरू

नकाशेबाजांनी एपकॉटचा खरा घोळ सांगितलाच नाही. त्या पार्काला दोन दारं आहेत. पुढचं दार मोठ्या चंदेरी गोलापाशी, पार्किंग आणि मोनोरेल तिकडे. मागचं दार म्हणजे इंटरनॅशनल गेटवे, फ्रान्स आणि इंग्लंडच्या मंडपांच्या मधे (पार्काच्या मागच्या भागात तळ्याभोवती देशांचे मंडप आहेत). स्कायलायनर या मागच्या दाराला सोडतं. तिथून रॅटटूईची राइड हाकेच्या अंतरावर आहे, पण टेस्ट ट्रॅक आणि गार्डियन्स या राइड पार पुढच्या बाजूला. अकरा देशांचा तो फेराच जवळपास दोन किलोमीटरचा आहे. शिवाय देशांचा भाग बहुधा अकराच्या सुमाराला उघडतो. म्हणून सकाळी पुढच्या राइड करायच्या असतील, तर त्या दिवशी उबरने पुढच्या दाराने शिरा (स्कायलायनर चालू असताना पॉपहून एपकॉटला बस नसते) आणि संध्याकाळी मागच्या दाराने स्कायलायनर पकडा. गाडी पुढे लावली असेल तर हा बेत विसरा, नाहीतर रात्री फटाक्यांनंतर सगळं पार्क पुन्हा ओलांडावं लागेल.

आईंसाठी: एपकॉटच्या आतल्या तळ्यात छोट्या बोटी चालतात. अलीकडच्या काठावरून जर्मनीला आणि मोरोक्कोला जातात. अर्धा फेरा वाचतो.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये मधला चौक नाही, सगळ्या बोळकंड्या. सनसेट बुलेव्हार्ड टॉवर ऑफ टेररपाशी संपतो, पुढे वाट नाही. आल्या पावली परत. स्टार वॉर्सच्या भागाला दोन तोंडं आहेत, एक टॉय स्टोरीकडून, दुसरं ग्रँड ॲव्हेन्यूकडून. एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडा.

द्राक्षनगरी

फार उपयोगी, धन्यवाद. एका दिवशी मॅजिक किंगडमहून संध्याकाळी एपकॉटला जायचं असेल तर? आणि फटाक्यांनंतरच्या गर्दीत काय करायचं?

नकाशेबाज

मॅजिक किंगडमहून एक्स्प्रेस मोनोरेल पकडून टीटीसीला उतरा. तिथे खाली येऊन दुसऱ्या फलाटावर एपकॉटची मोनोरेल. ती पुढच्या दाराला सोडते, पार्काच्या आतून वळसा घेत जाते आणि मुलीला ते आवडेलच. परत येताना टीटीसीला जायची गरज नाही, एपकॉटच्या मागच्या दाराने स्कायलायनर पकडून पॉपला या. साधारण तासभराचा हिशेब धरा.

फटाक्यांनंतर मॅजिक किंगडमच्या दाराकडे जाणारा मेन स्ट्रीट तुंबतो. त्यातून वाट काढत बसू नका. आत शिरताना डावीकडे जी एम्पोरियमची दुकानं असतात ती आतून एकमेकांना जोडलेली आहेत, रस्त्यावर न येता दारापर्यंत जाता येतं. घाई नसेल तर अर्धा तास आतच बसा, बसच्या रांगा ओसरतात. तुम्हाला लागणार नाही, पण टीटीसीला गाडी लावलेल्यांसाठी: एक्स्प्रेस मोनोरेलची रांग लांब दिसली तर हॉटेलांची मोनोरेल बघा, मधे फक्त कंटेम्पररी हॉटेल लागतं आणि पुढचं स्टेशन टीटीसी. फेरीत तर एका वेळी सहाशे माणसं मावतात, त्यामुळे रांग दिसते त्यापेक्षा भराभर सरकते.

आणखी एक. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून वाटा पाठ करू नका. मॅजिक किंगडममधली नदी आणि टॉम सॉयर बेट जुलै २०२५ मध्ये कायमचं बंद झालं आणि त्या बाजूला बांधकाम आहे. माय डिस्ने एक्स्पिरियन्स ॲपमधला नकाशा बघा, राइडची रांग किती मिनिटांची आहे तेही तिथेच दिसतं. ॲप बॅटरी खातं, पॉवर बँक ठेवा.

आजीबाईंचा_बटवा

मूल हरवलं तर बेबी केअर सेंटर. सापडलेली मुलं तिथे आणतात, प्रत्येक पार्कात एक आहे. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत मुलीचा फोटो काढा, मनगटावर तुमचा फोन नंबर लिहा. तिला सांगून ठेवा की हरवलीस तर पांढरा लंबगोल बिल्ला लावलेल्या माणसाकडे जायचं. आई-बाबांच्या फोनवर अमेरिकेचं सिम असेल तर ठीक, नाहीतर त्यांच्या खिशातही तोच नंबर असलेली चिठ्ठी ठेवा.

किसिमीचा_भाडेकरू

डिस्ने स्प्रिंग्जला (खरेदी आणि खाण्यापिण्याचा भाग) जायचं असेल तर पॉपहून थेट बस आहे. पण तिथून कुठल्याही पार्काला थेट बस नाही. तिथलं पार्किंग सगळ्यांनाच फुकट आहे, म्हणून लोकांनी गाडी तिथे टाकून पार्कात जाऊ नये यासाठी ठेवलेली पाचर. आधी हॉटेलवर, मग पार्कात.

द्राक्षनगरी

ठरलं. गाडी फक्त ॲनिमल किंगडमला, बाहेरची व्हीलचेअर, एपकॉटला सकाळी उबर. बाबा विचारतायत, ॲनिमल किंगडमला सफारी आत किती लांब आहे?

नकाशेबाज

दारापासून मागच्या टोकाला, आफ्रिकेच्या भागात. सुरुवातीचा रस्ता वळणावळणाचा आणि चढउताराचा आहे. आईंना खुर्चीत बसवूनच निघा आणि सकाळी सगळ्यात आधी तीच करा, ऊन चढलं की प्राणी सावली धरून बसतात.